गाडी रात्री कुठे उभी असते?

तासभर चालवून आणलेल्या पेट्रोलच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. फार वेळ ठेवता येत नाही. आतून धातू निवतानाची टकटक ऐकू येते, आणि चाकाजवळ वाकलं तर ब्रेकच्या डिस्कची धगही लागते. ही सगळी उष्णता म्हणजे आपण पैसे मोजून टाकीत भरलेलं पेट्रोल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, वीजबिलावर दिसतात तीच युनिटं. त्यातली चाकांपर्यंत पोचतात दोन, फार तर सव्वादोन. बाकीची रेडिएटर, सायलेन्सर आणि ब्रेकच्या वाटेने हवेत जातात. शंभराहून जास्त वर्षं जगभरच्या अभियंत्यांनी या इंजिनासाठी आयुष्यं वेचली, तरी हिशोब मुळातून बदलला नाही. इंधन जाळून गती मिळवायची म्हटलं की एवढी नासाडी ठरलेलीच आहे.

म्हणून पर्यायी इंधनांची चर्चा निघाली की मी आधी युनिटांचा हिशोब मांडतो. हायड्रोजन, इथेनॉल, गॅस, सौर, बॅटरी अशी नावं एका ओळीत लिहिली की सगळे पर्याय सारखेच वाटू लागतात, आणि ‘बघू या पुढे काय टिकतं ते’ असं म्हणून निर्णय पुढे ढकलता येतो. हिशोब मांडला की ही सोय उरत नाही. मोटारगाडीपुरतं बोलायचं तर कोणतं इंधन, या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. वीज आणि बॅटरी. अडलंय ते दुसऱ्याच प्रश्नावर, आणि त्याच्याकडे पैसा आणि लक्ष दोन्ही फार कमी जातं. ती गाडी रात्री कुठे उभी असते?

पण आधी पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू, कारण तो लागला आहे हेच अनेकांना मान्य नाही.

हायड्रोजनपासून सुरुवात करतो, कारण त्याचं आकर्षण सर्वांत मोठं आहे. पाच मिनिटांत टाकी भरते, धुराड्यातून फक्त पाणी पडतं, पेट्रोलची सवय तशीच राहते. टोयोटाची मिराई २०१४च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीला आली तेव्हा हेच भविष्य आहे असं अनेकांना मनापासून वाटलं होतं. आता हिशोब. पाण्यापासून विजेच्या साहाय्याने एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. मग तो ७०० बारच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ ७०० पट दाबाखाली टाकीत कोंबायचा, त्यालाही वीज लागते. एवढं झाल्यावर त्या एक किलोवर गाडी जाते साधारण १०० किलोमीटर. तीच ५५ युनिट वीज थेट बॅटरीत भरली तर मध्यम आकाराची गाडी ३०० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे हायड्रोजनच्या वाटेने गेलं तर तिप्पट पवनचक्क्या, तिप्पट सौर पॅनेल लागणार. शिवाय आज जगात तयार होणारा जवळजवळ सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो, त्यामुळे धुराड्यातून पडणाऱ्या पाण्याचं कौतुक अर्धवटच ठरतं. २०२४मध्ये शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले आणि मिराई घेतलेली माणसं भरलेल्या टाकीच्या शोधात फिरत राहिली. हायड्रोजन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पोलाद, खत, कदाचित जहाजं, अशा ठिकाणी त्याला दुसरा चांगला पर्याय नाही. म्हणून तर तो मोटारीत घालवू नये.

इथेनॉलची गोष्ट वेगळी आहे, कारण ते खरोखर चाललेलं आहे. १९७३च्या तेलसंकटाने पोळलेल्या ब्राझीलने १९७५मध्ये उसापासून इंधन बनवण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. २००३पासून तिथे पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालेल अशा गाड्या आल्या, आणि आज तिथल्या पंपावर दोन्ही भाव पाहून माणूस काय भरायचं ते ठरवतो. परदेशी तेलावरचं अवलंबित्व कमी करण्याचं एवढं मोठं काम फार थोड्या देशांना जमलं, त्याचा आदर केलाच पाहिजे. पण जमिनीचा हिशोब पाहा. एक हेक्टर मक्यापासून वर्षाला साधारण ४,००० लिटर इथेनॉल मिळतं. लिटरला १० किलोमीटर धरले तर ४०,००० किलोमीटर झाले. उसाचं उत्पन्न जास्त, तरी फार तर दुप्पट. त्याच हेक्टरभर जमिनीवर सौर पॅनेल लावले तर वर्षाला पाच लाख युनिट सहज मिळतात आणि त्यावर विजेची गाडी पंचवीस लाख किलोमीटर जाते. साठपट! पिकाला दोष नाही. पान सूर्यप्रकाशाचा एखादा टक्का साठवतं, पॅनेल वीस टक्के वीज करून देतं, आणि इथेनॉल शेवटी पुन्हा त्याच बॉनेट तापवणाऱ्या इंजिनात जाळायचं असतं. अमेरिकेत मक्याच्या पिकाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग इथेनॉलकडे जातो. एवढी जमीन, एवढं पाणी आणि खत पाहिलं की माझ्या मनात पहिल्यांदा अन्न येतं, गाडी नंतर.

मग पॅनेल गाडीच्याच टपावर का नको, असं कुणीतरी हमखास विचारतं. गाडीच्या टपावर दोन चौरस मीटर जागा मिळते. भर दुपारी त्यातून ४०० वॉट निघतील, दिवसभरात दोन युनिट, म्हणजे दहा-बारा किलोमीटर, तेही गाडी दिवसभर उन्हात तापत उभी केली तर. १९८७मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनपासून ॲडलेडपर्यंत ३,००० किलोमीटरची सौरगाड्यांची पहिली शर्यत जनरल मोटर्सच्या सनरेसरने जिंकली ती एका माणसाला कसंबसं आडवं बसता येईल अशा, किड्यासारख्या चपट्या वाहनात. त्या शर्यतीतून हलकं कसं बांधायचं हे खूप शिकायला मिळालं. पण चार माणसं आणि सामान घेऊन जाणारी सौरगाडी बनवू पाहणाऱ्या लाइटइयर आणि सोनो या युरोपातल्या दोन कंपन्यांना २०२३च्या सुरुवातीला आपल्या गाड्या सोडून द्याव्या लागल्या. पॅनेल घराच्या छपरावर लावावं, तिथे त्याला जागाही मिळते आणि सावलीचा त्रासही कमी.

गॅसबद्दल थोडक्यात सांगतो. सीएनजीने शहरातली काजळी खरोखर कमी होते आणि कार्बनही पेट्रोलपेक्षा पाव हिश्शाच्या आसपास कमी निघतो. मात्र सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि विहिरीपासून पंपापर्यंत कुठेही तो गळला तर तो फायदा झपाट्याने संपतो, कारण वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. साधी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनाला छोटी बॅटरी आणि मोटर जोडलेली, ही प्रामाणिक गाडी आहे, ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा परत मिळवते. १९९७च्या टोयोटा प्रियसने ते दाखवून दिलं. प्लग लावायच्या हायब्रिडच्या बाबतीत मात्र लोकांची फसगत होते. युरोपीय आयोगाने २०२४मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची खरी आकडेवारी मांडली तेव्हा या गाड्यांचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या साडेतीनपट निघालं. मोठं कारण हे की लोक पुरेसा प्लग लावत नाहीत. का लावत नाहीत, ते पुढे येईलच.

राहिली बॅटरी. तिची कमजोरीही सांगितली पाहिजे. किलोभर पेट्रोलमध्ये बारा युनिटांहून जास्त ऊर्जा असते, किलोभर चांगल्या बॅटरीत पाव युनिट. मोटर ऐंशी-नव्वद टक्के ऊर्जा चाकांना देते म्हणून हे जमतं, नाहीतर जमलंच नसतं. थंडीत पल्ला घटतो. वजन वाढतं, टायर लवकर झिजतात. कोबाल्टचा मोठा वाटा काँगोमधून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात, हे डोळ्याआड करून विजेच्या गाडीला स्वच्छ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. यावर खाणींवर कडक नजर हवीच, आणि रसायनही बदलता येतं. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत ना कोबाल्ट लागतं ना निकेल, आणि आज जगातल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास त्याच आहेत. पेट्रोलची गाडी दोन लाख किलोमीटरच्या आयुष्यात सुमारे दहा टन पेट्रोल जाळते. ते गेलं की गेलं. बॅटरीतला धातू गाडी मोडीत निघाल्यावरही तिच्यात असतो आणि परत काढता येतो.

‘वीज कोळशाचीच ना?’ हा आक्षेप रास्त आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन या संस्थेने २०२१मध्ये बॅटरीच्या निर्मितीपासून गाडी मोडीत निघेपर्यंतचा सगळा हिशोब मांडला. पेट्रोलच्या तशाच गाडीच्या तुलनेत विजेच्या गाडीचं उत्सर्जन युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, अमेरिकेत ६० ते ६८, चीनमध्ये ३७ ते ४५ आणि भारतात १९ ते ३४ टक्के कमी निघालं. कोळसा जास्त तिथे फायदा कमी, पण फायदा सगळीकडे आहे. शिवाय वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतशी रस्त्यावर आधीच असलेली गाडीही स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत असं होत नाही.

आणि किंमत. बॅटरीचा भाव २०१०मध्ये एका युनिटच्या क्षमतेमागे १,००० डॉलरच्या वर होता, २०२४मध्ये तो सरासरी ११५ डॉलरवर आला. त्या वर्षी जगात १ कोटी ७० लाखांहून जास्त प्लगवाल्या गाड्या विकल्या गेल्या, दर पाच नव्या गाड्यांमागे एकीहून जास्त. म्हणून मी म्हणतो की पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला आहे.

आता दुसरा प्रश्न. याची मुळं शोधायला थोडं मागे जावं लागतं. १८९९मध्ये पॅरिसजवळ कामिय झेनात्झी या बेल्जियन माणसाने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्या गाडीत. १९००च्या सुमारास अमेरिकेत वाफेच्या आणि विजेच्या गाड्या मिळून पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त होत्या. मग विजेची गाडी मागे का पडली? टेक्सासमध्ये १९०१मध्ये तेलाचा मोठा साठा लागला, फोर्डने १९०८नंतर गाडी स्वस्त करत नेली, १९१२मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याचा विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल मारायचा जीवघेणा त्रास संपला. ही कारणं सगळ्यांना माहीत असतात. आणखी एक कारण होतं आणि ते मला सर्वांत बोलकं वाटतं. शहराबाहेर वीजच नव्हती. पेट्रोलचा डबा आडगावातल्या किराणा दुकानातही मिळायचा, प्लग मात्र शहरातल्या मोजक्या घरांत. माणूस गाडी घेऊन शहराबाहेर निघाला आणि विजेची गाडी वेशीवर राहिली.

आज वीज बहुतेक ठिकाणी पोचली आहे. पण गाडी उभी असते तिथे पोचली आहे का?

चार्जिंगबद्दल लोक तक्रार करतात ती वेळेची. ती समजण्यासारखी आहे. पेट्रोलच्या पंपातून मिनिटाला ३५ लिटर येतात, म्हणजे मिनिटाला ३०० हून जास्त युनिट. असा वेग कोणत्याही तारेतून मिळणं अवघड. महामार्गावरच्या वेगवान चार्जरपाशी मी उभा राहिलो आहे. पडद्यावर २० टक्के, ३५, ५० असे आकडे भराभर चढतात, एवढ्यात होईल असं वाटतं, आणि ८० नंतर एकेका टक्क्याला मिनिट-दोन मिनिटं लागायला लागतात. बॅटरीच्या पेशींना जपायचं तर शेवटचा भाग हळूच भरावा लागतो. मागे दुसरी गाडी येऊन थांबलेली असते, तिच्यातलं मूल काचेला नाक लावून आपल्याकडे बघत असतं. अशा वेळी पेट्रोलच बरं होतं असं वाटलं तर त्यात चूक काही नाही.

पण ही रोजची गरज नव्हेच. बहुतेक गाड्या दिवसाला ५० किलोमीटरही धावत नाहीत, आणि चोवीसातले बावीस-तेवीस तास नुसत्या उभ्या असतात. ५० किलोमीटरला आठ-नऊ युनिट लागतात. ती भरायला गीझर किंवा एसी चालतो तसा साधा १६ अँपिअरचा सॉकेट तीन तासांत पुरतो. माणूस झोपलेला असतो, गाडी भरत असते, सकाळी प्लग काढायचा आणि निघायचं. ज्याच्याकडे हा सॉकेट आहे त्याच्यासाठी विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा सोयीची आहे, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी ती डोकेदुखी आहे. गाडी तीच, बॅटरी तीच. फरक फक्त भिंतीवरच्या एका सॉकेटचा.

माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने विजेची छोटी गाडी घेतली. खाली गाडी लावायची जागा त्यांची होती, वीज मात्र सामाईक. सॉकेटसाठी अर्ज केला, खर्च आम्हीच करतो, वेगळा मीटर लावतो असं लिहून दिलं. इमारतीच्या कमिटीने आगीची भीती सांगितली, मग भार पेलणार नाही म्हणाले, मग एकाला दिला तर सगळे मागतील म्हणाले. घरमालकाने अंग काढून घेतलं. आठ महिने रविवार सकाळ सार्वजनिक चार्जरच्या रांगेत गेली. एकदा दोनपैकी एक चार्जर बंद, दुसऱ्यापुढे पेट्रोलची गाडी लावून कुणी निघून गेलेलं. शेवटी त्यांनी गाडी विकली. तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: “गाडीत काहीच खोट नव्हती रे, आमच्याकडे भिंत नव्हती.”

‘सगळे मागतील’ ही भीती म्हणून सांगितली गेली, आणि मला वाटतं सगळ्यांनी मागावंच. एका वेळी सगळ्या गाड्या भरायला लागल्या तर इमारतीची तार जळेल हे खरं आहे. पण त्याला उपाय आहे आणि तो वापरात आहे. उपलब्ध भार गाड्यांमध्ये वाटून देणारी साधी यंत्रणा रात्रभरात प्रत्येकीला तिची आठ-नऊ युनिटं आळीपाळीने देते. कमी पडतो तो नियम. फ्रान्समध्ये इमारतीतल्या रहिवाशाला, भाडेकरूलासुद्धा, स्वतःच्या खर्चाने सॉकेट लावून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. ‘प्लगचा हक्क’ असंच त्याचं नाव. जर्मनीने डिसेंबर २०२०मध्ये तसा हक्क दिला. लंडनमध्ये रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्यांसाठी हजारो दिव्यांच्या खांबांना सॉकेट बसवले आहेत. तार आधीच तिथे होती, रस्ता खणावाही लागला नाही.

याच्या उलट काय चालतं तेही पाहा. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के कर आणि सार्वजनिक चार्जरवरच्या विजेवर २० टक्के, असा भेद कित्येक वर्षं चालू राहिला. म्हणजे ज्याच्या घराला अंगण आहे त्याला वीज स्वस्त, आणि जो रस्त्यावर गाडी लावतो त्याला तीच वीज आधीच महाग, वर कर चौपट. जगात बहुतेक ठिकाणी चित्र थोड्याफार फरकाने असंच आहे. गाडीच्या किमतीवरचं अनुदान ज्यांच्याकडे स्वतःचं गॅरेज आहे तेच उचलतात, कारण बाकीच्यांना गाडी घेऊन चालवायचीच पंचाईत असते. सार्वजनिक पैसा असा वरच्या वर्गात जिरतो आणि मग ‘विजेची गाडी श्रीमंतांची’ म्हणून सगळ्या प्रयत्नाचीच बदनामी होते. मला याचा राग येतो, कारण रोजच्या चालवण्याच्या खर्चातली बचत ज्याला सर्वांत जास्त हवी आहे त्याच्याच हाती ती लागत नाही.

सॉकेट नसल्याची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते, गाडीच्या पोटात. घरी रोज भरता येत नाही म्हटलं की माणूस मोठी बॅटरी मागतो. आठवड्याचं एकदाच भरू, वर्षातून एकदा होणाऱ्या लांबच्या प्रवासालाही पुरेल, असा विचार करतो. कंपन्यांनाही मोठी गाडी विकण्यात जास्त नफा असतो. याचं टोक म्हणजे २०२२च्या सुमारास रस्त्यावर आलेली विजेची हमर ही अवाढव्य गाडी. वजन चार टनांच्या वर, त्यात बॅटरीच सव्वा टनाहून जड, क्षमता २०० युनिटांच्या पुढे. तेवढ्या बॅटरीत पाच छोट्या गाड्या निघतात आणि पाच कुटुंबांचं पेट्रोल सुटतं. लिथियम कमी पडेल का, खाणी किती खणायच्या, या काळजीचं निम्मं उत्तर गाडीच्या आकारात आहे. रात्री सॉकेटची खात्री असेल तर ३० युनिटांची गाडीही रोजच्या जगण्याला भरपूर होते.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. २०२४मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. तेलाचा पैसा, धरणांची स्वस्त वीज, करमाफी, ही कारणं सांगून बाकीचे देश मोकळे होतात. सुरुवात मात्र फार साधी होती. १९८९मध्ये फ्रेडरिक हौगे हा पर्यावरण कार्यकर्ता आणि आ-हा या प्रसिद्ध बँडमधले दोघे गायक-वादक एक फियाट पांडा विजेवर चालेल अशी बदलून घेऊन आले आणि ऑस्लोच्या टोलनाक्यांवरून पैसे न भरता जात राहिले. विजेच्या गाडीला टोल नको ही त्यांची मागणी होती. दंड झाले, ते भरले नाहीत, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली, त्यांच्याच माणसांनी ती विकत घेतली आणि पुन्हा नाक्यावर नेली. पुढे १९९०च्या दशकातच टोलमाफी झाली. त्यांनी सुरुवात केली तेव्हा लिथियम-आयन बॅटरी बाजारातही आली नव्हती. गाडी जेमतेम होती, पण एक नेमका नियम बदलायचा हे त्यांनी ओळखलं होतं.

आज तसा नेमका नियम सॉकेटचा आहे. नवी इमारत बांधताना गाडीच्या प्रत्येक जागेपर्यंत तारेची नळी टाकून ठेवायची, कारण तेव्हा तो खर्च किरकोळ असतो आणि नंतर सिमेंट फोडून करायचा तर कैकपट. जुन्या इमारतीत स्वतःच्या खर्चाने मागणाऱ्याला नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यायचं आणि ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं. भाडेकरूलाही तोच हक्क. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी दिव्याचे खांब. आणि या सगळ्यासाठी पैसा हवा तर मोटारींच्या हायड्रोजन पंपांसाठी आणि दोन टनांच्या वरच्या गाड्यांच्या अनुदानासाठी ठेवलेला आधी इकडे वळवायचा.

चौथ्या मजल्यावरचं ते कुटुंब आता पेट्रोलची जुनी गाडी चालवतं. खालची जागा अजून त्यांचीच आहे. तिच्यापासून सहा पावलांवर जिन्याच्या दिव्याचं बटण आहे, आणि रात्रभर तो दिवा चालू असतो.